बांगडीच्या वर्तुळाचं केंद्र

३ डिसेंबर

माझी लेक सपना दहावीला होती तेव्हाची एक दुपार. अंगणात आम्ही दोघी भुईमुगाच्या शेंगा फोडत बसलो होतो. तिच्याजवळ भूमितीची वही होती आणि कंपास शाळेत कुणी तरी ढापलेला. तिनं हातातली हिरवी काचेची बांगडी काढली, वहीवर ठेवली आणि भोवतीनं पेन्सिल फिरवली. मी विचारलं, "आता याचं केंद्र कुठंय?" ती म्हणाली, "मधी कुठंतरी असंल की माय, जातंय कुठं?" तोंडात शेंगदाणे होते, त्यामुळे धड बोलताही येत नव्हतं. आम्ही दोघी खूप हसलो. एवढंच. त्या दिवशी दुसरं काहीही घडलं नव्हतं.

आज तीच बांगडी प्रतिक्षाच्या हातात पाहिली. कपाटातल्या डब्यात सापडली म्हणे. सपनाला जाऊन उन्हाळ्यात दोन वर्षं होतील. तेव्हापासून तिची ही लेक माझ्याजवळ कळमनुरीला आहे. यंदा दहावीला. तीसुद्धा आईसारखीच बांगडीभोवती पेन्सिल फिरवत होती, आणि मधोमध नजरेनं एक टिंब देऊन त्याला केंद्र म्हणत होती. मग केंद्रावरचा कोन मोजला, परिघावरचा मोजला. दुप्पट काही येईना.

"आजी, प्रमेय खोटं हाय."

"प्रमेय खोटं नसतं बाळा. तुझं टिंब खोटं आहे."

जालन्याच्या मिशनच्या शाळेत गणिताच्या सिस्टर सांगायच्या, आधी केंद्र, मग वर्तुळ. ज्या वर्तुळाचं केंद्र आधी ठरलं नाही, त्याला ते पुढं कधीच मिळत नाही. शाळेत बांगड्या घालायलाच बंदी होती, त्यामुळे असले उद्योग आम्हाला सुचत नसत. नववीत भूमितीत पहिली आले म्हणून सिस्टरनी मला पितळी कंपास असलेली पेटी दिली होती. ती काढून प्रतिक्षासमोर ठेवली. तिनं झाकण उघडलं, वास घेतला आणि परत लावलं.

दिवाळीपर्यंत हिला गणितात किती चांगले गुण होते! दिवाळीनंतर वर्तुळाचा धडा सुरू झाला आणि तिथून सगळं अडलं.

८ डिसेंबर

आज डोंगरकड्याहून जावई सोमेश्वरराव आले होते, प्रतिक्षाचे वडील. केळीचा अख्खा घड घेऊन. नवीन संसार, ठिबकच्या नळ्यांचं दुकान, त्यातून वेळ काढून येतात. माणूस वाईट नाही.

मी पुन्हा विषय काढला. दिवाळीत बोलले होते तेच बोलले.

"मामी, म्या एकदा बोललो की बोललो. पास झाली, मार्कं बरे पडले, तर जूनमधी नांदेडला हॉस्टेलात टाकतो. सायन्स शिकू द्या."

"आणि नाही झाली तर?"

"तर राहू द्या वरीसभर तुमच्यापशी. घरकाम शिकंल. मग बघू एखादं स्थळ. एटीकेटी-फेटीकेटीवर म्या पोरगी बाहेर ठिवणार न्हाई."

प्रतिक्षा चहा घेऊन उभी होती. म्हणाली, "बाबा, म्या गेल्यावर आजीला डायलिसिसला हिंगोलीला कोण नेईल?"

"भागूबाई हाय की."

भागूबाई अंगणात भांडी घासत होती. तिथूनच ओरडली, "दादा, मला एष्टीवरची पाटी वाचता येत न्हाई. हिंगोली म्हणून बसंन आन् पार परभणीला उतरंन. दोघीबी हरवू."

सगळे हसले. प्रतिक्षा तेवढी हसली नाही. बाबांशी जवळीकच राहिली नाही तिची.

ते गेल्यावर तिनं घडातलं एक केळंही मला दिलं नाही. सगळा घड भागूबाईच्या पदरात घातला. असा हात सढळ असावा, पण घरच्या म्हातारीला एखादं तरी?

१७ डिसेंबर

मंगळवार. डायलिसिस. रक्त यंत्रातून फिरून येईपर्यंत चार तास पडून राहावं लागतं. प्रतिक्षा शाळा बुडवून आली. मी पडल्या पडल्या शिकवलं. एक हात नळ्यांना बांधलेला, दुसऱ्या हातानं हवेत अर्धवर्तुळ काढलं. व्यासाच्या दोन टोकांपासून परिघावरच्या कुठल्याही बिंदूपर्यंत रेघा ओढा, तिथं काटकोनच होणार. बिंदू कुठंही सरकवा, डावीकडे, उजवीकडे, काटकोन हलत नाही. मला हे प्रमेय लहानपणी फार आवडायचं. किती आधार वाटायचा.

तिला म्हटलं, सांग आता. तिनं "दिलेले" म्हणून जे सिद्ध करायचं तेच सांगितलं आणि "साध्य" म्हणून दिलेलं. मी कपाळावर हात मारला, तर नळी हलली आणि यंत्र ओरडायला लागलं. नर्स धावत आली. प्रतिक्षा पांढरीफटक पडली होती.

नंतर डॉक्टरांनी मला एकटीला आत बोलावलं. हृदयही आता साथ देत नाही म्हणाले. पुढच्या दिवाळीचं सांगता येत नाही. मी विनंती केली, हे माझ्या नातीला कळू देऊ नका, तिची दहावी आहे. तिला मी सांगून ठेवलं आहे की किडनीला थोडी विश्रांती मिळाली की हे सगळं बंद होईल. तिनं विश्वास ठेवला आहे. बाहेर बाकावर बसली होती, दाराला लागूनच. ते दार नीट लागत नाही, पण माझा आवाज हळू होता.

एसटीत ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून बसली होती. दमली असेल. वर्तुळाचा धडा अवघडच आहे.

५ जानेवारी

शेजारची कोमल हल्ली अभ्यासाला येते. शालूबाईची मुलगी. बडबडी, गोड, पण भूमितीत डोकं साधारण. चक्रीय चौकोनाचे संमुख कोन मिळून एकशे ऐंशी, हे तिला डिसेंबरात पाठसुद्धा होत नव्हतं. आज तिनं पुस्तकाबाहेरचं एक उदाहरण सोडवून दाखवलं. इतकी सुंदर रचना केली होती, एकच जास्तीची जीवा काढली आणि गाठ सुटली. मलासुद्धा सुचलं नव्हतं ते.

"कोमल, हे कसं सुचलं ग?"

"मला कशाचं सुचतंय आजी! प्रतिक्षानं सांगितलं."

प्रतिक्षा तिच्याकडे बघून म्हणाली, "काहून खोटं बोलून राहिली ग?"

कोमलनं जीभ चावली. मैत्रिणीला कमीपणा वाटू नये म्हणून श्रेय तिला देत होती पोर. मनानं फार चांगली आहे. आणि माझी नात तिच्या शेजारी बसून वर्तुळाला डोळे काढते, मिशा काढते.

१६ जानेवारी

आज रागावले. रागावायला नको होतं, धाप लागली.

कंपासपेटी समोर असताना ही पुन्हा त्या बांगडीशी खेळत होती. बांगडीनं वर्तुळ काढलेलं. आणि कपाटातून सपनाच्या लग्नाची जुनी पत्रिका काढलेली. त्या जाड पत्रिकेचा कोपरा वर्तुळाच्या कडेवर टेकवायचा, पत्रिकेच्या दोन्ही बाजू वर्तुळाला पुन्हा जिथं छेदतील तिथं टिंबं द्यायची, टिंबं रेघेनं जोडायची. मग कोपरा दुसरीकडे टेकवून पुन्हा तसंच. दोन रेघांची आतमध्ये फुली झाली होती.

मी म्हटलं, "आईच्या लग्नाची पत्रिका आहे ती, खेळणं नव्हे. आणि फुल्या काय मारतेस? परीक्षा दीड महिन्यावर आली."

ती म्हणाली, "आजी, कंपासचं टोक त्या फुलीवर ठिव ना."

ठेवलं. पेन्सिल फिरवली, तर ती बांगडीच्या रेघेवरून अशी तंतोतंत गेली की दुसरी रेघ दिसेचना.

"नशिबानं लागलं," मी म्हटलं. "परीक्षेत नशीब येत नाही कामाला."

"नशीब न्हाई आजी, तो काटको..." एवढं बोलली आणि थांबली. माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "व्हय. नशिबानंच."

पत्रिका मी पुसून पुन्हा कपाटात ठेवली. तिची बांगडीही काढून घेतली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ओठांवर हसू होतं. या वयातल्या मुली कळत नाहीत. सपनाही कळायची नाही.

९ फेब्रुवारी

तीन आठवडे लिहिलं नाही. पायांवर सूज. प्रमेयं सांगता सांगता मध्येच शब्द हरवतात. काल स्पर्शिकेला छेदिका म्हणाले. प्रतिक्षानं तसंच वहीत लिहून घेतलं. कोमलनं विचारलं, "आजी, स्पर्शिका ना?" माझीच लाज वाटली. मीच नीट शिकवत नाही, मुलीला काय दोष द्यायचा?

घरात जेवणाची चव गेली आहे. प्रतिक्षा बटाटे चिरून पाण्यात घालते, ते पाणी फेकते, पुन्हा उकळते, तेही पाणी फेकते. असला अळणी रस्सा! विचारलं तर म्हणे शाळेत शिकवलं. दवाखान्यानं दिलेला पथ्याचा कागदही तिच्याच दप्तरात पडून असतो. प्यायचं पाणी बाटलीत मोजून भरून ठेवते आणि बाटली संपली की माठावर झाकण घालून बसते. दहावीच्या अभ्यासाचं टेन्शन असं कुठं तरी निघतं.

भागूबाई म्हणाली, "बाई, पोरीला वहीत गोल जमंना तर जाऊ द्या ना. भाकर बघा तिची, बराबर गोल. सासू खूश होईल."

मी चिडले. ती भाकरी थापता थापता पुन्हा म्हणाली, "एक सांगू का? लेकरू पहाटं उठून तुमच्या नाकापशी हात धरून बसतंय. म्या दोनदा बघितलं."

स्वप्नं पडत असतील वाईट. आई गेलेली पोर. परीक्षेची धास्ती. सिस्टर असत्या तर त्यांनी तिला कसं हाताळलं असतं? त्या कधी ओरडल्या नाहीत. नुसत्या वहीवर बोट ठेवायच्या आणि थांबायच्या, आपल्याला आपली चूक दिसेपर्यंत. मला तसं थांबता येत नाही. माझ्याजवळ तेवढा वेळ नाही.

मार्च, भूमितीच्या पेपरचा दिवस

सकाळी देवासमोर दिवा लावला आणि शाळेत शिकलेली ती जुनी इंग्रजी प्रार्थनाही म्हटली. देवाला कोणती भाषा पोचेल ते पोचो. कंपासपेटी तिच्या हातात दिली. दाराशी तिनं वाकून नमस्कार केला आणि पाय दाबून बघितले. सूज बघत होती की काय, असं क्षणभर वाटलं.

दुपारी दोघी परत आल्या. कोमल उड्या मारत, ही पाय ओढत.

"कसा गेला?"

"वर्तुळाचं सगळं सोडून आले," प्रतिक्षा म्हणाली. "सुचलंच न्हाई."

कोमल एकदम म्हणाली, "आजी, ही खोटारडी हाय! बाहेर आल्या आल्या मला पाचव्या प्रश्नातलं सगळं बोटानं मातीत काढून दाखिवलं. कुठली जीवा, कुठला कंस, समदं. म्या चुकवलं ते बी सांगितलं."

मी प्रतिक्षाला जवळ घेतलं. बाहेर आल्यावर सुचलं, आत सुचलं नाही. भीतीनं असंच होतं. माझंही इतिहासाच्या पेपरात झालं होतं. मी तिला म्हटलं, "बीजगणितावर निघशील पास." तर म्हणाली, "त्यात बी बरंच सोडलं." मग माझ्या कुशीत इतकी रडली, इतकी रडली. मी थोपटत राहिले. मला वाटलं, हिचं सगळं आयुष्य माझ्या या सुजलेल्या हातांत आहे आणि हातांत काही राहत नाही.

मे, निकाल

बाकी सगळ्या विषयांत सत्तरच्या वर. गणितात नापास. भूमितीत तर जवळजवळ कोरं.

कोमल पास. शालूबाई पेढे घेऊन आली, पण देताना संकोचली. म्हणाली, "आजी, तुमीच शिकिवलं माझ्या पोरीला." नांदेडला कॉलेजात नाव घालणार तिचं. मी आनंदानं पेढा तोंडाला लावला. प्रतिक्षानं उरलेला हातातून काढून घेतला.

सोमेश्वररावांचा फोन. "जाऊ द्या मामी. नशिबात असंल ते. राहू द्या तुमच्यापशी."

मागून प्रतिक्षा सगळं ऐकत होती. फोन ठेवल्यावर तिनं माझे पाय मांडीवर घेतले आणि तेल लावायला बसली. गुणगुणत होती. नापास होऊन गुणगुणणारी मुलगी मी पहिल्यांदाच पाहिली. एवढी निगरगट्ट कधी झाली? की तिला अपयशाचं काही वाटेनासं झालं आहे? हेच जास्त भयंकर.

दुपारी पंखा बंद पडला. घामानं ओली होऊन पडून राहिले आणि सपनाशी बोलले मनात. म्हटलं, बाई, शेवटी तू एकच मागितलं होतंस, हिला शिकव. मला नाही जमलं.

२ जून

जुलैत पुरवणी परीक्षा आहे. मी फॉर्म भरायला लावला. ती म्हणाली, "काय घाई हाय आजी? पुढच्या वर्षी देईन ना मार्चमधी. मस्त अभ्यास करून. खरंच देईन. तवा बघ किती मार्कं पडतात."

"पुढचं वर्ष कुणी पाहिलंय?"

मग म्हणाली, "म्हणूनच."

उलट उत्तर द्यायला शिकली आहे.

जुलै, पुरवणी परीक्षेचा दिवस

केंद्र हिंगोलीला आलं. नेमकी आज माझी डायलिसिसची पाळी. रात्रीपासून छाती भरून आली होती, लपवलं. एका एसटीनं गेलो. ती शाळेत, मी दवाखान्यात. म्हटलं, सुटल्यावर ये.

मला यंत्राला लावून थोडा वेळ झाला असेल नसेल, तोंडावर ऑक्सिजन होता, आणि डोळे उघडले तर ही समोर. हातात कंपासपेटी. पळत आलेली, घाम.

"पेपर?"

"दिला."

"एवढ्यात?"

"नाव लिव्हलं, नंबर लिव्हला. बाकी येत नव्हतं." आणि माझा हात घट्ट धरून बसली.

मी डोळे मिटून घेतले. तिचा राग आला नाही. इतके महिने एका लेकराला मी न येणाऱ्या गोष्टीसाठी छळलं. वर्तुळ बघितलं की ती पळते, इतका धसका घेतला आहे तिनं. मला आवडायचं म्हणून तिलाही आवडेल असं धरून चालले. आता पुरे. परिघावरचा बिंदू कुठंही सरकवा, कोन तोच राहतो. मी तिला सगळीकडून सरकवून पाहिलं.

ऑगस्ट

कोमल नांदेडहून सुटीला आली होती. कंपासपेटी तिला देईन म्हटलं तर मागे सरली.

"मला नको आजी. ती प्रतिक्षाची हाय. आमच्या कॉलेजात बी तिच्यावानी कुणी न्हाई. तुमाला कसं कळत न्हाई..."

"कोमल!" स्वयंपाकघरातून प्रतिक्षा ओरडली. "भाकर करपून राहिली, इकडं ये."

करपल्याचा वास काही आला नाही. आता मला वासही येत नसावेत.

तारीख राहू दे

हात कापतो, पण डोकं आज स्वच्छ आहे. पुन्हा असा दिवस येईल न येईल. माझ्यामागे कुणाला काय द्यायचं ते इथं लिहून ठेवते. शालूबाईला माझं अक्षर लागतं, तिनं वाचावं.

शिवणयंत्र आणि स्वयंपाकघरातली सगळी भांडी प्रतिक्षाला. तिच्या हाताला चव आहे, मीठ घालायला शिकली म्हणजे झालं.

माझ्या दोन्ही नऊवारी भागूबाईला. तिनं त्या नेसाव्यात, जपून ठेवू नयेत. तिला एसटीची पाटी वाचायला कुणी तरी शिकवावं.

आमच्या ह्यांचं मनगटी घड्याळ सोमेश्वररावांना. त्यांना माझा निरोप, प्रतिक्षाला पुन्हा परीक्षेला बसवू नका, तिला भूमितीचा फार त्रास होतो. स्थळ पाहाल तर जवळचं पाहा, आणि माणसं प्रेमळ असावीत. ती आजारी माणसाचं फार मनापासून करते, हे त्यांना आवर्जून सांगा.

पितळी कंपास असलेली पेटी कोमललाच द्यावी. ती नाही म्हणेल, तरी द्यावी. प्रतिक्षाला देऊ नये. घरात दिसत राहिली तर तिला अपयशाची आठवण येत राहील.

ती हिरवी काचेची बांगडी मात्र प्रतिक्षाची. तिच्या आईची आहे, आणि मी उगाच काढून घेतली होती. फुटू नये म्हणून सपनाच्या लग्नपत्रिकेत ठेवली आहे, कपाटात वरच्या फळीवर. पत्रिका जुनी झाली म्हणून कुणी फेकू नये. कागद पिवळा पडला असला तरी तिचे कोपरे अजून चांगले आहेत.